हालला तो गेला

माझं अमरावतीत कॅमेऱ्याच्या सामानाचं छोटं दुकान आहे. लग्नाचे फोटो काढणारी मंडळी येतात, बॅटरी नाहीतर कार्ड मागतात, घासाघीस करतात आणि चहा पिऊन जातात. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते काय घेणार आणि काय नुसतंच हाताळून जाणार हे मला कळतं, असा माझा समज होता. वासुदेवरावांनी तो मोडला. ते माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते चष्म्याच्या डबीत कापूस घेऊन.

भर एप्रिलची दुपार होती. अशा वेळी आमच्याकडे कुत्रंही नालीतून उठत नाही. पांढरा फुलशर्ट, मनगटापर्यंत लावलेली बटणं, डोक्याला दुपट्टा, खांद्याला नवाकोरा कॅमेरा असे एक सत्तरीचे गृहस्थ आत आले. आत येण्याआधी रस्त्यावर उभं राहून त्यांनी दुकानाची दिशा पाहिली होती.

"दुकान उत्तरेले तोंड करून हाये," ते म्हणाले. "चांगलं केलं. एनडी फिल्टर दाखवा."

एनडी फिल्टर म्हणजे भिंगापुढे लावायची काळसर काच. कॅमेऱ्याचा गॉगल, एवढं समजलं तरी पुरे. ती लावली की उजेड कमी आत जातो, म्हणून फोटो उमटायला वेळ जास्त लागतो, आणि तेवढ्या वेळात जे वाहत असतं ते फोटोत मऊ होऊन येतं. काचेचा काळेपणा स्टॉपमध्ये मोजतात. एक स्टॉप वाढला की उजेड निम्मा. तीन स्टॉपची काच फिकी, सहाची बरीच गडद, आणि दहाची तर तव्याच्या बुडासारखी. गिऱ्हाईक साधारण कंपनी विचारतं, किंमत विचारतं, झालं. वासुदेवरावांनी काहीच विचारलं नाही. होत्या नव्हत्या तेवढ्या काचा उचलल्या, बाहेर पायरीवर सावलीत मांडी घालून बसले, डबीतून कापसाचा पुंजका काढला, काळ्या कागदावर ठेवला आणि एकेक काच त्याच्या अर्ध्या भागावर धरून पाहू लागले.

"ही पिवयी."

"काका, काचेला रंग नसतो. राखाडीच असते ती."

"तुमी अठी या. बसा. आता पाहा. ही अर्धी बाजू पाहा अन् ही पाहा. कापूस पांढरा हाये, तं काचीखाली राखाडी दिसला पायजे. हा पिवया काहून दिसून रायला? कवडी झाला ना."

कवडी म्हणजे किडका, पिवळट पडलेला कापूस. मी वाकून पाहिलं. खरंच पिवळट दिसत होता. दुसरी काच गुलाबी निघाली, तिसरीत हिरवी झाक होती. एक फिरवून कमीजास्त काळी करता येणारी काच होती, तीन काचांचं काम एकीत करणारी, माझी चांगली खपणारी. ती त्यांनी पूर्ण फिरवली, कापसावर काळी फुली उमटलेली मला दाखवली आणि बाजूला ठेवत म्हणाले, "मिक्स माल."

त्या दिवशी त्यांनी काहीही घेतलं नाही. मात्र माझ्या डब्यातली वांग्याची भाजी खाल्ली आणि तिला दोन नंबर दिला. तेल जास्त होतं म्हणे.

वासुदेवराव अकोटचे. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. शेतकऱ्याची गाडी आली की गंजीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढत ओढत धाग्याची लांबी पाहायची, उत्तरेच्या उजेडात रंग पाहायचा आणि नंबर सांगायचा. एकदा सांगितला की संपलं, मग समोर आमदाराचा मामेभाऊ का असेना. सत्तरीच्या वाढदिवसाला बंगळूरच्या मुलानं कॅमेरा पाठवला. त्याला वाटलं, बाबा फुलाबिलांचे फोटो काढतील. बाबांनी कॅमेऱ्याच्या पुस्तकात धबधब्याचा फोटो पाहिला, दुधासारखं पांढरं, तलम पडणारं पाणी, आणि ते पार खुळावले.

"भाऊ, हे पानी नाई," त्यांनी तो फोटो मला दाखवत सांगितलं होतं. "हा लांब धाग्याचा कापूस हाये. सबन जिंदगीत मले असा माल पाहाले भेटला नाई."

सांगताना त्यांचे अंगठे त्या छापील पाण्यावर धागा ओढल्यासारखे फिरत होते.

नोकरी संपली तरी नंबर देणं संपलं नव्हतं. चहा, रस्ता, कीर्तन, पुढाऱ्याचं भाषण, लग्नातली बुंदी, सगळ्याला नंबर. व्याह्यांच्या घरी पहिल्या भेटीत त्यांनी सोफ्याला 'फरदड' म्हटलं होतं. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच पऱ्हाटीला येणारा तिसऱ्या वेचणीचा मरतुकडा कापूस. व्याह्यांना शब्द माहीत होता, हे दुर्दैव. पण या माणसाचा एक नेम होता. घरच्या वावरातला कापूस विकायला नेला की स्वतः हात लावायचा नाही, दुसऱ्या ग्रेडरला पाहायला लावायचं. "घरच्या मालाले आपन नंबर देत नाई. डोया खोटं बोलते," ते म्हणायचे. म्हणून मुलगा, सून, नातवंडं आणि बायको, म्हणजे इंदूकाकू, एवढी मंडळी आयुष्यभर बिननंबरी राहिली.

काचेचं म्हणाल तर पहिली काच त्यांना पसंत पडायला पावसाळा उजाडला. प्रत्येक नवा माल आला की मी फोन करायचा, त्यांनी एसटीनं यायचं, पायरीवर बसायचं आणि माझा माल नापास करायचा. मला राग यायचा. मग मीच गुपचूप पायरीवर कापूस ठेवून काचा पाहू लागलो आणि पुरवठादाराशी भांडू लागलो. तो म्हणाला, तुमच्या अमरावतीत कापसाचे फोटो फार काढतात का? शेवटी एक दहा स्टॉपची काच आली. त्यांनी ती कापसावर धरली आणि मग खिशातून रुमाल काढून ती पुसून परत पाहिली.

"एक नंबर," ते म्हणाले. मी त्या दिवशी दुकानात पेढे वाटले असते तरी कुणाला कारण समजलं नसतं.

या काचेनं त्यांनी केलेला पहिला पराक्रम अकोटात अजून सांगतात. हंगामातल्या पहिल्या कापूस खरेदीचा मुहूर्त होता. पहिल्या गाडीची पूजा होते, नारळ फुटतो, गाडीवाल्या शेतकऱ्याला शाल-टोपी मिळते आणि व्यापारी मंडळी फोटोसाठी एकमेकांना ढकलतात. एका व्यापाऱ्यानं वासुदेवरावांना फोटो काढायला सांगितलं. यांनी भर उन्हात स्टँड लावला, आपली एक नंबर काच चढवली आणि भरपूर वेळ देऊन फोटो काढला. कापसाची गंजी अशी आली होती की तिच्यावरून हात फिरवावा. गाडी आली होती, फुटलेला नारळ आला होता. माणूस एकही आला नव्हता. सगळे सारखे हालत होते, त्यामुळे काळ्या काचेनं सगळ्यांना पुसून टाकलं होतं. अपवाद एकच. गंजीच्या सावलीत झोपलेला एक हमाल अगदी मिशीसकट स्पष्ट होता.

"मी कुठी हाओ याच्यात?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"तुमी हालले," वासुदेवराव शांतपणे म्हणाले. "हालला तो गेला. माल पाहा, शेठ. माल कसा आला ते पाहा."

व्यापारी त्यांच्याशी पुढचे कितीतरी दिवस बोलत नव्हता. हमालानं मात्र तो फोटो मागून नेला आणि घरात देवांशेजारी लावला. 'हालला तो गेला' हे तेव्हापासून त्यांचं ब्रीद झालं. एसटीत जागा गेली तरी तेच आणि निवडणुकीत कुणी पडलं तरी तेच.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला कळलं की या वाक्याचं मूळ फार जुनं आहे. बैठकीत त्यांच्या लग्नाचा फोटो होता. वासुदेवराव फेटा बांधून, छाती काढून, मिसरूड फुटलेले, अगदी स्पष्ट. शेजारी नवरीचं लुगडं स्पष्ट, बांगड्या स्पष्ट, आणि मुंडावळ्यांच्या मधे चेहऱ्याच्या जागी धूर. ऐन वेळी नवरीनं मान वळवली होती.

"मांडवात झेंडूच्या माया उलट्या बांधून रायले होते," इंदूकाकू आतून चहा आणत म्हणाल्या. "मले पाहावलं नाई. मी म्हनलं, अवो, असं नाई बांधत."

काकू अंजनगाव सुर्जीच्या, फुलं पिकवणाऱ्या माळ्याच्या घरच्या. हार करता करताच त्या वाढल्या. बोट रिकामं राहिलं तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं. बोलताना हात, हाताबरोबर मान, मानेबरोबर पदर, सगळं चालू. त्यांच्या घरात गेल्यावर बसलेल्या काकू मी कधी पाहिल्या नाहीत. चहा देतानाच त्या कढीपत्ता तोडायच्या आणि शेजारणीला हाक मारायच्या. त्यांचा एकही सरळ फोटो जगात नव्हता. आधार कार्डावरसुद्धा त्या कुणाकडे तरी पाहत होत्या. वासुदेवरावांनी घरात मात्र त्या फोटोला कधी नंबर दिला नाही. रिजेक्ट माल इतकी वर्षं भिंतीवर टांगून होता आणि त्याखाली बसून ते जगाला नंबर देत होते.

पुढच्या वर्षी पोळा झाल्यावर ते दुकानात आले ते वेगळेच दिसत होते. शर्टाचं एक बटण चुकलं होतं. कापसाची डबी काढली नाही. पायरीवर बसले, पाणी प्यायले.

"इंदूच्या छातीचं ऑपरेशन हाये," ते म्हणाले. "झडप बदलाची हाये म्हनते. नागपूरले. दिवायी झाली की." मग रस्त्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, मले भेव वाटून रायलं. अन् घरात तिचा एक फोटो नाई."

मी म्हटलं, होईल सगळं नीट, आजकाल सगळं होतं.

"त्या धबधब्यापुढं बसवतो तिले," ते म्हणाले. "चिखलदऱ्याले. मागं लांब धाग्याचं पानी अन् पुढं इंदू. एकच फोटो. पन ती बसत नाई ना गुमान."

आता पेच असा होता. पाणी त्यांच्या मनासारखं तलम यायचं तर काच गडद हवी. काच गडद तर वेळ जास्त, आणि वेळ जास्त तर काकू धूर होणार. फिकी काच घेतली तर काकू येतील, पण पाणी सरकीसकट यावं तसं खरबरीत येईल. पुढच्या आठवड्यात ते काकूंनाच घेऊन आले. मी स्टुलावर बसवलं. आता दुकानात मापं घ्यायची होती ती काकूंच्या गप्प बसण्याची.

"हालू नको," वासुदेवराव म्हणाले.

"हालून कुठी रायलो मी?" काकू म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही 'मी रायलो'च म्हणतात. "भाऊ, तुमच्या पंख्याले केवढी धूय हाये. कोनी पुसत नाई काय?"

सहा स्टॉपला काकू धूर झाल्या. दहाला स्टूल तेवढं आलं. तीन स्टॉपला ओळखू येण्याइतक्या आल्या, तोंड उघडं.

"अन् आताच काहून फोटो पायजे तुमाले?" काकूंनी एकदम विचारलं. "हार घालाले? मले समजत नाई काय?"

वासुदेवराव काचांकडे वळले. त्यांनी तीन स्टॉपची फिकी काच उचलली, कापसावर न धरताच माझ्यापुढे ठेवली. "हीच द्या. पानी आखूड धाग्याचं आलं तं येऊ दे. इंदू साबूत आली पायजे." त्यांनी मनातला धबधबा सोडून दिला, तो माझ्यासमोर. मला फार वाईट वाटलं आणि ते मला एकदम फार मोठेही वाटले.

पुढे त्यांचे फोन येऊ लागले. "इंदू बोलत नाई आजकाल, भाऊ. दुपारी भिंतीकडं पाहून बसते. हातात काई घेत नाई. मी इचारलं तं हूं की चूं नाई करत. घेतलं तिनं मनावर." त्यांचा आवाज ऐकून मलाही घोर लागला. ज्या घरात काकू गप्प आहेत ते घर कसं असेल, हे मला डोळ्यांसमोर आणवेना.

डॉक्टरांनी चढउतार नको म्हटलं होतं, पण गाडीत बसून जायला हरकत नव्हती. मी माझी गाडी घेऊन निघणार होतो. आदल्या संध्याकाळी काकूंचा फोन आला, हळू आवाजात.

"भाऊ, ती कायी काच असते ना, मधली, ज्याच्यानं पानी चांगलं येते? ते खिशात घालून आना. तुमच्या काकाले सांगू नका."

"काकू, पण त्याला खूप वेळ हालायचं नसतं."

"हाव. मले माईत हाये. मी बसतो ना. रोज दुपारी बसून रायलो भिंतीकडं पाहून. पयले नाक खाजे, आता नाई खाजत." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "त्यायच्या मनातलं पानी येऊ द्या."

परतवाड्यापासून घाट चढेपर्यंत वासुदेवराव रस्त्याला, वळणांना आणि माझ्या गिअर बदलण्याला नंबर देत होते. मागे काकू गप्प होत्या आणि म्हणून ते आरशातून सारखे मागे पाहत होते. गाडी उभी केली तिथून पाच-पन्नास पावलांवर धबधबा समोर दिसत होता. काकूंना दगडावर बसवलं. वासुदेवरावांनी स्टँड लावला, फिकी काच चढवली, एक फोटो काढून पाहिला. काकूंनी हात पुढे करून कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं.

"हे काय पानी हाये?" त्या म्हणाल्या. "फरदड हाये. भाऊ, ते दुसरी काढा."

मी खिशातून सहा स्टॉपची काच काढली. वासुदेवराव माझ्याकडे, मग काचेकडे, मग काकूंकडे पाहत राहिले. भिंतीकडे पाहून बसण्याचा अर्थ त्यांना तेव्हा लागला. त्यांनी काच चढवली, पण डबीतला कापूस काढून तिच्याखाली धरायला विसरले नाहीत.

"अन् तुमी बी बसा," काकू म्हणाल्या. "बटन भाऊ दाबतीन."

ते शेजारी बसले. डबी मांडीवर, पाठ ताठ, हुबेहूब लग्नाच्या फोटोसारखे. मी म्हटलं, तयार? आणि बटण दाबलं. इंदूकाकू अशा बसल्या की मला माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. हात मांडीवर, पदर मुठीत, नजर समोर. वाऱ्यानं झाड हालत होतं, पाणी पडत होतं, काकू हालत नव्हत्या. आणि मग मी पाहिलं की वासुदेवरावांची मान वळली. ते काकूंकडे पाहत होते. कॅमेरा मिटला तरी पाहतच होते.

फोटोत पाणी आलं होतं ते अंगठ्यात धरून ओढावं असं. काकू आल्या होत्या, कपाळावरच्या कुंकवासकट, साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा. शेजारी पांढरा शर्ट स्पष्ट, मांडीवरची डबी स्पष्ट, आणि कॉलरच्या वर धूर.

काकूंनी पडद्यावर पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. "अवो, हालला तो गेला," त्या म्हणाल्या. "तुमी काहून हालले?"

"तू कवा अशी बसली नाई ना," वासुदेवराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "इतकी गुमान बसली. पान्याच्या आवाजात काई आयकू येत नव्हतं. श्वास घेऊन रायली का नाई, तेच पाहाले वयलो."

काकूंचं हसू थांबलं. त्यांनी नवऱ्याच्या शर्टाचं आजही चुकलेलं बटण सोडून नीट लावलं. दुसरा फोटो काढू म्हणेपर्यंत दरीतून ढग वर आला आणि धबधबा, झाडं, आम्ही, सगळंच त्यात बुडालं.

ऑपरेशन नीट झालं. नागपूरहून वासुदेवरावांनी फोन करून सर्जनला एक नंबर, भूलवाल्याला एक नंबर आणि तिथल्या उपम्याला रिजेक्ट दिल्याचं सांगितलं, तेव्हाच मी ओळखलं की आता काळजी नाही.

परवा माघात अकोटला गेलो होतो. काकू अंगणात झेंडूचा हार करत होत्या, बोलत होत्या, आणि मधेच मांजराला हाकलत होत्या. थोडा दम लागतो, बाकी पूर्वीसारख्याच. बैठकीत लग्नाच्या फोटोशेजारी तो दुसरा लावला आहे. एकात नवरी पुसलेली, एकात नवरा.

"तुमी सांगा, भाऊ, किती नंबर?" वासुदेवरावांनी विचारलं. "आपन घरच्या मालाले देत नाई."

मी फोटोकडे पाहिलं. मी म्हटलं, काका, मीही आता घरचाच झालो.

"मंग राहू द्या," ते म्हणाले, आणि खूश झालेले दिसले. मी म्हटलं, आता दोघं बरे आहात, परत जाऊ, नीट काढू. तेव्हा अंगणातून काकू म्हणाल्या, "काई गरज नाई. हा चांगला हाये."

निघालो तेव्हा दुपार डोक्यावर होती. ते मला सोडायला फाटकाबाहेर आले आणि गाडीच्या मागे भिंतीच्या कडेला, मी कशी वळवतो त्याला नंबर द्यायला उभे राहिले. बोळ अरुंद. अंगणातून काकूंचा आवाज आला, "अवो, हालू नका तठून, भाऊ गाडी मागं घेऊन रायले."

वासुदेवराव जिथे होते तिथे थांबले. एक हात निरोपाला वर गेलेला, तो तसाच. मी गाडी वळवली, बोळातून बाहेर काढली, कोपऱ्यावर आलो आणि आरशात पाहिलं. ते अजून तसेच उभे होते, हात वर, पांढरा शर्ट उन्हात, जराही न हालता, काकूंनी आता हाला म्हणण्याची वाट पाहत.